पुस्तकांचं कूळ जपणारी बेल

मैत्रिणींनो, ग्रंथपाल म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? जाड भिंगाचा चष्मा, टेबलावर तारखेचा शिक्का, आणि कुणी जरा मोठ्यानं बोललं की वर होणाऱ्या भुवया! आमच्या गावात महिला मंडळाचं छोटंसं वाचनालय आहे. ते सांभाळता सांभाळता हल्ली लोक मलाही त्याच पंक्तीत बसवायला लागलेत. पण शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये एक ग्रंथपाल होऊन गेली, तिचा थाटच वेगळा होता. रेशमी पोशाख, गळ्यात दागिने, डोक्यावर झोकदार टोपी. ती लिलावात येऊन बसली की भल्याभल्या पुस्तकव्यापाऱ्यांच्या पोटात गोळा यायचा. तिचं नाव बेल द कोस्टा ग्रीन.

अमेरिकेतल्या सर्वात बलाढ्य सावकाराच्या तिजोरीची किल्ली जणू तिच्या हातात होती. जगभरातली दुर्मीळ पुस्तकं, हस्तलिखितं आणि चामड्याच्या देखण्या बांधणीचे जुने ग्रंथ तिनं निवडून आणले, पारखले, जपले. प्रत्येक पुस्तक कुठं जन्मलं, कुणी बांधलं, कुणाच्या घरातून कुणाच्या घरात गेलं, याचा शोध घेणं हेच तिचं काम होतं. आणि हीच बाई स्वतः कुठून आली, कुणाची मुलगी, हे मात्र जन्मभर जगापासून लपवून होती. तसं का करावं लागलं, तेच आज सांगायचंय.

कातडं, दोरा आणि सोनं

आधी या पुस्तकांविषयी थोडं सांगते, म्हणजे त्यांची किंमत कळेल. जुन्या काळी युरोपात छापखान्यातून पुस्तक बरेचदा सुट्या पानांच्या स्वरूपातच बाहेर पडायचं. घेणारा ते आपल्या ऐपतीप्रमाणे बांधून घ्यायचा. पानांच्या घड्या करून त्या जाड दोरांवर शिवायच्या. आपल्याकडे जुजबांधणी म्हणतात ना, तसंच काहीसं. हेच दोर पुस्तकाच्या पाठीवर आडव्या वळ्यांसारखे उठून दिसतात. दोरांची टोकं लाकडी फळीत किंवा पुठ्ठ्यात ओवायची आणि वरून कमावलेलं कातडं चिकटवायचं. वासराचं कातडं गुळगुळीत, बकरीचं दाणेदार आणि टिकाऊ. बकरीच्या या कातड्याला मोरोक्को म्हणतात. मग अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा हात फिरवून त्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि तापवलेल्या पितळी ठशांनी नक्षी उमटवायची. हात जरा चुकला की कातडं जळालंच! एकेका पुस्तकावर असे शेकडो ठसे असायचे.

श्रीमंत मालक आपलं घराण्याचं चिन्ह कव्हरवर उमटवून घ्यायचे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ ग्रोलिए नावाचा एक मोठा अधिकारी होता. पुस्तक आपलं आणि आपल्या मित्रांचं आहे, असं तो कव्हरवर सोन्यानं लिहून घ्यायचा. म्हणजे पुस्तक न उघडताही त्याचं कूळ सांगता यायचं.

आपल्याकडे मात्र पोथीला कातडं लावायची सहसा रीत नव्हती. सुटी पानं, वरखाली फळ्या आणि लाल कापडाचं बासन. कातडं सोवळ्यात चालत नाही म्हणून देवघराबाहेर ठेवलं, आणि ते कमावणारी माणसंही आपण गावाबाहेर ठेवली. बेलच्या गोष्टीत हा धागा पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

ग्रीनर यांची लेक

बेलचा जन्म २६ नोव्हेंबर १८७९ चा, वॉशिंग्टनमधला. कागदोपत्री नाव बेल मॅरियन ग्रीनर. वडील रिचर्ड ग्रीनर हे साधे गृहस्थ नव्हते. हार्वर्डसारख्या नामांकित कॉलेजातून १८७० साली पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढे साउथ कॅरोलायनाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि गंमत बघा, तिथल्या ग्रंथालयाची विस्कटलेली घडीही त्यांनीच बसवली. म्हणजे पुस्तकांचं वेड लेकीला बापाकडूनच मिळालेलं! बेल जन्मली तेव्हा ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायद्याच्या विभागाचे प्रमुख होते. आई जेनेव्हिव्ह फ्लीट तिथल्याच शिकलेल्या कृष्णवर्णीय घराण्यातली. दोघांचाही रंग उजळ होता.

पण अमेरिकेत तेव्हा रंगापेक्षा रक्त मोजलं जायचं. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली, तरी भेदभाव नवी नवी रूपं घेत होता. गोऱ्यांसाठी वेगळा डबा आणि काळ्यांसाठी वेगळा डबा, यात काही गैर नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९६ साली दिला. मग काय, शाळा, दवाखाने, खाणावळी, वस्त्या, सगळीकडे रेषा ओढल्या गेल्या. पूर्वजांत कुणी एक जण जरी आफ्रिकी असला, तरी तुम्ही रेषेच्या पलीकडचे. पणजीच्या रक्ताचा हिशोब पणतीनं फेडायचा!

बेलच्या लहानपणी कुटुंब न्यूयॉर्कला आलं. पुढे आईवडिलांचं जमेना. १८९८ साली वडील अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून रशियातल्या व्लादिवोस्तोकला गेले आणि तिकडेच त्यांचा दुसरा संसार झाला. इकडे आईच्या पदरात मुलं. कमाई नाही, आधार नाही. त्या माउलीनं एक निर्णय घेतला. ग्रीनर या आडनावाचं शेवटचं अक्षर गाळून टाकलं आणि घर ग्रीन झालं. वडिलांचं नाव देशभर माहीत होतं, त्यामुळे ते आडनाव ठेवणं परवडणारं नव्हतं. यापुढे आपण गोरे म्हणूनच जगायचं, असं घरात ठरलं. बेलनं नावात द कोस्टा हे पोर्तुगीज वळणाचं नाव जोडलं. वर्ण थोडा सावळा का, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार! वयही ती काही वर्षांनी कमी सांगायची.

या निर्णयाची किंमत काय होती, याचा विचार करा. आईकडच्या नातेवाइकांशी उघड संबंध ठेवता येणार नव्हता. वॉशिंग्टनची ओळखीची माणसं रस्त्यात दिसली तरी तोंड फिरवावं लागणार होतं. घरातल्या एकानं जरी चूक केली, तरी सगळ्यांचा पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला असता.

पंच्याहत्तर डॉलरची नोकरी

बेल हुशार होती. १९०० साली उन्हाळी वर्गात तिनं ग्रंथालयाचं शिक्षण घेतलं आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला लागली. हे विद्यापीठ तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशच देत नसे! जिथं तिच्या वडिलांसारख्यांना विद्यार्थी म्हणून घेतलं नसतं, तिथं ती रोज कामाला जात होती. दुर्मीळ पुस्तकं हाताळायला ती तिथंच शिकली.

तिथं तिची ओळख ज्युनियस मॉर्गन यांच्याशी झाली. त्यांचे काका म्हणजे जे. पी. मॉर्गन. रेल्वे, पोलाद, बँका... अमेरिकेच्या तिजोरीलाही कधी कधी ज्यांच्याकडे बघावं लागायचं, असे मॉर्गन. त्यांना पुस्तकांचं आणि कलावस्तूंचं जबर वेड होतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूजवळ त्यांनी खास संग्रहासाठी संगमरवरी वास्तू बांधायला घेतली होती. पण पुस्तकांचा नुसता ढीग पडलेला! कुठे काय आहे, कुणालाच पत्ता नाही. पुतण्यानं बेलचं नाव सुचवलं. १९०५ च्या अखेरीस ती मॉर्गन यांना भेटली आणि महिना ७५ डॉलरवर काम सुरू झालं. तेव्हा ती २६ वर्षांची होती.

मॉर्गन तापट म्हणून प्रसिद्ध होते, पण बेल त्यांना घाबरली नाही. यादी करणं, व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार, खऱ्याखोट्याची पारख, मोलभाव, सगळं तिनं हातात घेतलं. १९०७ मध्ये अमेरिकेत बँका कोसळायची वेळ आली, तेव्हा मॉर्गन यांनी मोठमोठ्या बँकवाल्यांना याच ग्रंथालयात रात्री बोलावलं, दाराला कुलूप घातलं आणि पैशांची हमी घेऊनच पहाटे बाहेर सोडलं. अशा माणसाला हे पुस्तक घ्या आणि हे घेऊ नका, असं तोंडावर सांगणारी ही तरुण मुलगी होती. १९११ पर्यंत तिचा पगार वर्षाला १०,००० डॉलर झाला. त्या काळात नोकरी करणाऱ्या फार थोड्या स्त्रियांना एवढा पगार होता.

लिलावातली वाघीण

१९०८ साली मॉर्गन यांनी तिला लंडनला पाठवलं. विल्यम कॅक्स्टन हा इंग्लंडचा पहिला मुद्रक, पंधराव्या शतकातला. त्यानं छापलेली दीड डझनाच्या घरातली पुस्तकं लॉर्ड अॅमहर्स्ट नावाच्या उमरावाकडे होती आणि ती लिलावात निघणार होती. सगळे व्यापारी पैसे बांधून तयार. बेलनं काय केलं? लिलावाच्या आधीच गुपचूप लॉर्डसाहेबांशी बोलणी करून सौदा पक्का केला. व्यापारी बघतच राहिले.

त्यानंतर १९११ मध्ये न्यूयॉर्कला रॉबर्ट हो यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. हो यांचा छपाईयंत्रांचा कारखाना होता आणि सुंदर बांधणीच्या पुस्तकांचा त्यांना विशेष नाद. त्यांचा संग्रह टप्प्याटप्प्यानं विकला गेला, तेव्हा एकूण १९ लाख डॉलरच्या वर रक्कम आली. पहिल्याच फेरीत गुटेनबर्गचं बायबल ५०,००० डॉलरला हेन्री हंटिंग्टन या धनिकानं घेतलं. बेलची नजर मात्र दुसरीकडे होती. राजा आर्थरच्या कथांचं कॅक्स्टननं १४८५ मध्ये छापलेलं पुस्तक. या आवृत्तीची पूर्ण, एकही पान न गळलेली प्रत जगात हीच एक. ती तिनं ४२,८०० डॉलरला मिळवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिची चर्चा. एका तरुण बाईनं पुस्तकासाठी एवढे पैसे मोजले म्हणून लोक तोंडात बोटं घालत होते.

पण बेल उधळी मुळीच नव्हती. कुठं हात राखायचा हे तिला चांगलं कळायचं. नुसती शोभेची पुस्तकं तिला नको होती. संग्रहात मोकळ्या जागा कुठं आहेत, हे बघून ती खरेदी करायची. आपण भिशीचे पैसे मिळाले की घरात काय कमी आहे ते बघतो ना, तसंच!

वाळूतून आलेली कव्हरं

याच सुमारास तिच्या आयुष्यातली एक विलक्षण खरेदी झाली. १९१० साली इजिप्तच्या फय्यूम भागात हामुली गावाजवळ शेतकऱ्यांना खणताना एक दगडी टाकी सापडली. आत पुस्तकं! हजार वर्षांपूर्वी तिथल्या ख्रिस्ती मठातल्या संन्याशांनी ती पुरून ठेवली असावीत. सुमारे ५० ग्रंथ, कॉप्टिक भाषेतले, नवव्या-दहाव्या शतकातले. आणि बऱ्याच ग्रंथांची चामड्याची बांधणी अजून शिल्लक. १९११ मध्ये मॉर्गन यांनी हा सगळा साठा विकत घेतला.

या बांधणीची गंमत सांगते. कव्हरचे पुठ्ठे जुने, टाकाऊ पपायरसचे तुकडे एकावर एक चिकटवून केलेले. आपण जुन्या साड्यांची गोधडी शिवतो, तसं. त्यावर कातडं, कातड्यावर वेलबुट्टी आणि भौमितिक नक्षी. मॉर्गन संग्रहात याहूनही जुनं, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचं एक कॉप्टिक कव्हर आहे. त्यात लाल कातड्याची जाळीदार नक्षी कापून सोनेरी चर्मपत्रावर शिवलेली आहे. अप्लीकचं काम करणाऱ्या कुणाही बाईनं ते बघितलं तर टाका ओळखेल!

हजार वर्षं जमिनीत राहिलेली पानं उघडायची कशी? कातडं फार कोरडं पडलं की त्याची पावडर होते, ओलं झालं की बुरशी येते. म्हणून हे ग्रंथ दुरुस्तीसाठी रोमला व्हॅटिकनमध्ये पाठवले गेले. मध्ये पहिलं महायुद्ध आलं. सगळे ग्रंथ परत यायला १९२९ उजाडलं. एवढी वर्षं बेल धीर धरून होती.

मालक गेले तरी...

३१ मार्च १९१३ रोजी मॉर्गन रोममध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी बेलसाठी ५०,००० डॉलर ठेवले होते. ती नोकरी सोडून आरामात राहू शकली असती. पण संग्रहाचं काय? वारस होते मुलगा जॅक मॉर्गन. त्यांनी वडिलांच्या बऱ्याच कलावस्तू विकल्या, कितीतरी संग्रहालयाला दिल्या. पुस्तकांवरही हीच पाळी येईल, अशी धास्ती होती. बेलनं नेट लावला आणि हळूहळू जॅक यांनाच पुस्तकांची गोडी लावली. १९१६ मध्ये, ऐन महायुद्धात, तेराव्या शतकातलं चित्रमय बायबल या संग्रहात आलं. फ्रान्समध्ये चितारलेलं हे पुस्तक सतराव्या शतकात इराणचा शहा अब्बास याला भेट म्हणून गेलं होतं, म्हणून त्याच्या पानांवर लॅटिनच्या जोडीला फारसीतही मजकूर लिहिलेला आहे. पुस्तकाला किती घरं बघावी लागतात!

आणि १९२४ साली बेलच्या आयुष्यातली सर्वात मोठी गोष्ट घडली. जॅक यांनी हे खासगी ग्रंथालय वडिलांच्या स्मरणार्थ सार्वजनिक संस्थेच्या स्वाधीन केलं आणि पहिली संचालक म्हणून बेलची नेमणूक झाली. एका सावकाराच्या कपाटातली पुस्तकं अभ्यासकांना खुली झाली. तिनं प्रदर्शनं भरवली, व्याख्यानं ठेवली, दूरच्या अभ्यासकांना पानांचे फोटो पाठवले. डोरोथी मायनरसारख्या तरुण मुलींना हाताशी धरून तयार केलं. तिची नजर किती तीक्ष्ण होती बघा. जुन्या शैलीत मध्ययुगीन चित्रं बनवून विकणारा एक लबाड चित्रकार बड्या संग्रहालयांना फसवत होता. १९३० मध्ये बेलनं त्याचा हात ओळखला आणि त्याला स्पॅनिश फोर्जर म्हणजे स्पेनचा नकलाकार असं नाव दिलं. त्याचं खरं नाव आजही कुणाला ठाऊक नाही.

मला इथं थांबावंसं वाटतं. खोटं काय आणि खरं काय हे ओळखण्यात जिचा हातखंडा, तिला रोज सकाळी आरशात बघून खोटं कूळ अंगावर चढवावं लागत होतं. ही बाई लबाड नव्हती गं. लबाड तो कायदा होता, जो तिचं शिक्षण, तिची नजर, तिचे कष्ट बघण्याआधी तिच्या पणजीचा रंग विचारत होता.

घरातली बेल

बेलनं लग्न केलं नाही. बर्नार्ड बेरेन्सन या कलासमीक्षकावर तिचा जीव जडला होता. तो विवाहित होता, इटलीत राहायचा. तोही लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातून आलेला आणि पुढे धर्म बदललेला. आपलं मूळ मागं टाकणं म्हणजे काय, हे त्यालाही माहीत असणार. तिनं त्याला लिहिलेली सहाशेवर पत्रं त्यानं जपून ठेवली, म्हणून आज आपल्याला बेलचं मन थोडंफार कळतं. एरवी तिचा पगार घरासाठीच होता. आई तिच्याजवळच राहायची, भावंडांना तिचाच आधार. बहिणीच्या मुलाला, रॉबर्टला, तिनं स्वतःच्या मुलासारखं वाढवलं, हार्वर्डला शिकवलं. ज्या कॉलेजात त्याचे आजोबा पहिले कृष्णवर्णीय पदवीधर म्हणून गाजले होते, तिथंच तो गोरा म्हणून शिकला. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. १९४३ साली त्यानं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. त्या घावातून बेल सावरली नाही, असं तिचे चरित्रकार सांगतात.

वडील परदेशातून परतल्यावर शिकागोत राहिले आणि १९२२ मध्ये वारले. त्यांची लेक तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांना ठाऊक असलेली बाई होती. पण ही माझी मुलगी, असं चारचौघांत म्हणायची सोय त्या बापाला नव्हती.

१९४८ मध्ये बेल निवृत्त झाली आणि १० मे १९५० रोजी तिनं डोळे मिटले. त्याआधी तिनं आपली खासगी कागदपत्रं, आलेली पत्रं, सगळं जाळून टाकलं. हजार वर्षं जुन्या पानाचा कोपरा तुटू नये म्हणून जपणारी बाई, तिनं स्वतःची सगळी पानं आगीत घातली!

पुढे जवळजवळ ५० वर्षं हे गुपित तसंच राहिलं. १९९९ साली जीन स्ट्राऊस या लेखिकेनं मॉर्गन यांचं चरित्र लिहिताना बेलच्या जन्माची नोंद शोधून काढली आणि वडिलांचं नाव उजेडात आलं. २००९ मध्ये शिकागोत एका पडक्या घराच्या माळ्यावर एक पेटी सापडली. त्यात रिचर्ड ग्रीनर यांचे कागद होते, हार्वर्डच्या पदवीचं प्रमाणपत्रसुद्धा. आणि २०२४ मध्ये मॉर्गन ग्रंथालयाला सार्वजनिक होऊन १०० वर्षं झाली, तेव्हा त्या ग्रंथालयानंच बेलच्या आयुष्यावर मोठं प्रदर्शन भरवलं. मे २०२५ पर्यंत ते चाललं. ज्या कपाटांसमोर ती मूळ लपवून वावरली, त्याच वास्तूत बापलेकीची नावं एकत्र लागली. उशिरा का होईना!

आडनाव काय?

बेलनं आपल्या लोकांना सोडलं, असा आरोप काही जण करतात. मला तो पटत नाही. सामाजिक कामात मी शहरात शिकायला जाणाऱ्या मुलींना खोली शोधायला मदत करते. फोनवर भाडं ठरतं, पाण्याची वेळ ठरते, आणि मग तो एक प्रश्न येतो. आडनाव काय? ते सांगितलं की काही वेळा खोली एकदम कालच दुसऱ्याला दिलेली निघते. एक मुलगी आता आडनाव लावतच नाही, स्वतःच्या नावापुढे फक्त वडिलांचं नाव लावते. तिचे वडील चामड्याचं काम करतात. हाताला सोनं आहे त्यांच्या, नुसत्या अंगठ्यानं कातड्याची प्रत सांगतात. युरोपात असतं तर त्यांच्या हातची बांधणी काचेच्या कपाटात ठेवली असती, असं मी तिला म्हटलं तेव्हा ती हसली. पण खोलीच्या फोनवर ती वडिलांचा व्यवसाय सांगत नाही. तिला दोष देण्याआधी मला तो प्रश्न विचारणाऱ्यांना जाब विचारावासा वाटतो. आणि मैत्रिणींनो, तो प्रश्न विचारणाऱ्यांत आपल्यासारख्या बायकाही असतात. भाडेकरू बघताना, मोलकरीण ठेवताना, मुलीच्या मैत्रिणीला जेवायला वाढताना...

बेलला तिचं कूळ सांगायची भीती वाटली नसती, तर काय झालं असतं? कदाचित ती नोकरीच मिळाली नसती. मग कॅक्स्टनची पुस्तकं, हामुलीची कव्हरं, शहाकडे जाऊन आलेलं बायबल हे सगळं आज एका छपराखाली, सगळ्यांना बघायला राहिलं असतं का? शंकाच आहे. अशा किती बेल नुसत्या एका प्रश्नापाशी अडल्या असतील, त्यांची तर नोंदही नाही.

तेव्हा एवढंच करूया. घरातल्या जुन्या पोथ्या, पुस्तकं, वह्या बाहेर काढा. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, कारण काही वर्षांत ती कागदच खाते. धुतलेल्या सुती कापडात बांधा. कपाटातलं पुस्तक पाठीच्या वरच्या टोकाला धरून ओढू नका, मधोमध पकडून काढा. आणि ते कुणाकडून आलं, कुणी वाचलं, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहून आत ठेवा. पुस्तकाचं कूळ जरूर विचारा. माणसाला मात्र तो प्रश्न विचारण्याआधी घटकाभर थांबा.